एम कॅन्सल होतो, मग जडत्व आघूर्ण कशाला? (तुम्ही विचारलंत म्हणून)

'सर, लंबकाच्या सूत्रात एम कॅन्सल होतो, असे तुम्हीच शिकवलेत. मग आता जडत्व आघूर्ण कशाला मध्ये आणता?' संयुक्त लंबकाचे, म्हणजे दोरी-गोळ्याऐवजी अख्खी वस्तूच झुलते अशा लंबकाचे, प्रकरण सुरू झाले की हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात सरांना पकडल्याचा किंचित आनंदही असतो. वर्गात मी त्याचे दोन मिनिटांत उत्तर देतो आणि ते पुरत नाही हे मलाही कळते, म्हणून एकदाचे सविस्तर लिहितो.

एम, म्हणजे वस्तुमान, कॅन्सल होतो हे खरेच आहे, आणि संयुक्त लंबकातही तो होतो. लोखंडाची आणि लाकडाची एकाच मापाची पट्टी एकाच जागी टांगली तर दोन्हींचा आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, सारखाच येईल. कॅन्सल न होणारी गोष्ट वेगळी आहे: ते वस्तुमान आसापासून कसे पसरले आहे. गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजताना सगळे वजन गुरुत्वमध्यात एकवटले आहे असे मानून चालते; परंतु त्या ओढीला वस्तू किती जडपणे दाद देते हे ठरवताना प्रत्येक कण आपल्या अंतराचा वर्ग घेऊन हजर होतो (वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, याची बेरीज म्हणजेच जडत्व आघूर्ण), आणि वर्गांची सरासरी म्हणजे सरासरीचा वर्ग नव्हे. एवढी साधी गोष्ट मी शिकवायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी शिकलो, आणि तीही एका विद्यार्थिनीच्या जिवावर.

एक मीटर लांबीची पट्टी टोकाशी टांगून वीस दोलनांचा वेळ घ्यायचा होता. गुरुत्वमध्य 50 सेंटिमीटरवर, म्हणून तेवढ्या लांबीच्या साध्या लंबकाप्रमाणे आवर्तकाल 1.42 सेकंद आणि वीस दोलनांना 28.4 सेकंद, असे मी फळ्यावर आधीच लिहून ठेवले होते. तिचे उत्तर 32.8 आले. तू तेवीस दोलने मोजून वीस लिहिलीस, असे मी सर्वांसमोर म्हणालो. तिने पुन्हा मोजले आणि 32.7 आले. मग मी आयाम (झुलण्याचा कोन) मोठा असेल म्हणालो. तीस अंशांच्या आयामानेसुद्धा आवर्तकाल जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि इथे फरक पंधरा टक्क्यांचा होता, हा हिशेब मला तोंडपाठ होता. तरीही मी तसे म्हणालो. तिसऱ्यांदा मोजताना तिचा हात थरथरत होता, आणि आकडा पुन्हा 32.8. दुसऱ्या दिवशी वही सहीला आली तेव्हा तिच्यात सुवाच्य अक्षरात 28.5 लिहिलेले होते. खाली खोडलेल्या पेन्सिलीची खूण दिसत होती. ती दिसत असूनही मी बरोबरची खूण करून सही केली.

त्या रात्री सूत्र मांडले. टोकाभोवती पट्टीचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीच्या वर्गाचा एक तृतीयांश. त्यावरून तुल्य, म्हणजे तेवढ्याच वेळात झुलणाऱ्या, साध्या लंबकाची लांबी 66.7 सेंटिमीटर, आवर्तकाल 1.64 सेकंद आणि वीस दोलनांना 32.8.

समांतर आसांचा सिद्धांत (गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या आसाभोवतीच्या जडत्व आघूर्णावरून दुसऱ्या समांतर आसाभोवतीचे काढायचा नियम) मला सिद्ध करता येत होता, असे सांगून मी अनेक वर्षे स्वतःची बाजू सावरली. हा प्रश्न मुळातच अवघड आहे, देकार्तसारख्या गणितज्ञालाही तो नीट सुटला नव्हता, हायगेन्स या शास्त्रज्ञाने 1673 सालच्या ग्रंथात तो सोडवला, असेही मी सांगत असे. त्याला उत्तर म्हणून स्वतःलाच विचारावेसे वाटते की हायगेन्सनंतर तीनशे वर्षांनी जन्मलेल्या माणसाला ही सबब कशी चालेल?

आणि हा प्रकार केवळ पट्टीपुरता नाही. एक मीटर लांबीच्या दोरीचा, अडीच सेंटिमीटर त्रिज्येच्या भरीव गोळ्याचा जो 'साधा' लंबक आपण वापरतो, त्यातही गोळ्याचे स्वतःचे जडत्व आघूर्ण असते. त्यावर चालणारे घड्याळ त्यामुळे दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडेल. स्टॉपवॉचला ते दिसत नाही, एवढेच. तीच मीटरपट्टी मध्यापासून 29 सेंटिमीटरवर टांगली तर आवर्तकाल 1.52 सेकंदांपर्यंत उतरतो, आणि फक्त 10 सेंटिमीटरवर टांगली तर 1.94 पर्यंत चढतो. गुरुत्वमध्य आसाच्या जवळ आला म्हणजे लंबक भरभर झुलेल, ही समजूत तिथेच मोडते. मला सर्वांत आवडते ते कडे. खिळ्यावर अडकवलेले पातळ कडे आपल्या व्यासाएवढ्या लांबीच्या साध्या लंबकासारखे झुलते, आणि ते कापून त्याचा कोणताही कंस त्याच्या मध्यबिंदूवर टांगला तरी आवर्तकाल बदलत नाही. हे कागदावर चार ओळींत सिद्ध होते; मला मात्र अजूनही ते लबाडीचे वाटते. तारेला पीळ देऊन सोडलेल्या तबकडीत तर वस्तुमान कॅन्सलही होत नाही, कारण तिला परत फिरवणारी ओढ वजनाची नसून तारेची असते.

मग साधा लंबक आधी शिकवूच नये का? पूर्वीचा मी म्हणतो की त्याच्याशिवाय हा प्रश्न कुणाला पडलाच नसता, आणि त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. हल्ली मी फळ्यावर काहीही न लिहिता आधी पट्टी टांगायला लावतो. त्यात वेळ जातो, काहीजण गोंधळतात, आणि आकडा मागच्या वर्षीच्या मुलांकडून आधीच पोहोचलेला असतो. या वर्षी दोन वह्यांत सगळी वाचने 32.8 अशी इतकी बिनचूक आली की मी त्या वह्या उजेडाकडे धरून खोडल्याच्या खुणा शोधत बसलो.