आमची वाटचाल : पेठेतला चटणीचा डंक

वर्षभराची चटणी, म्हणजे कांदा-लसूण घातलेले मसाल्याचे तिखट, उन्हाळ्यातच करून ठेवण्याची कोल्हापूरकरांची रीत असल्यामुळे आमच्या व्यवसायाचे गणित पहिल्यापासून होळी ते मृग एवढ्याच अवधीत बसवावे लागले. वडिलांनी शिवाजी पेठेत डंक (मिरची-मसाला कांडायचे यंत्र) बसवला, तेव्हा रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी मिरची लोक घरीच वाळवून, देठे खुडून आणत. कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धने यांचे प्रमाण मात्र प्रत्येक घराचे निराळे असे. त्या प्रमाणात आम्ही कधी ढवळाढवळ केली नाही. आजही समोर कांडून दिलेल्या चटणीचेच काम अधिक आहे आणि ते तसेच राहावे, असे माझे मत आहे.

पावसाळ्यात आधार दिला तो गावच्या जत्रांनी. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या सुरांत पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाईच्या टेकडीवर, त्र्यंबोली (टेंबलाई) देवीच्या पायऱ्यांवर घालायला नेतात. मग गल्लोगल्ली जत्रेचे मटण शिजते आणि तांबड्या रश्श्याला रंग आला नाही, तर तालमीतली मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर असतात. (पांढऱ्या रश्श्याचा दोष सुदैवाने आमच्याकडे येत नाही, त्यात चटणी पडतच नाही.)

बांधीव पाकिटे मात्र महापुरामुळे सुरू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर बेटासारखे एकटे पडले. भाजी मिळेनाशी झाली, तेव्हा पूरग्रस्तांसाठी शिजणाऱ्या भात-आमटीबरोबर चटणी पोहोचवण्याचे काम आम्ही घेतले. डबे पुरेनात, म्हणून पाव किलोच्या पिशव्या भरल्या. पाणी ओसरल्यावर त्याच पिशव्यांची मागणी पुण्या-मुंबईला गेलेल्या पेठकरांकडून येऊ लागली. जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला, तेव्हा आमचा माल तयार होता. तेव्हापासून जूनअखेर वेगळा साठा काढून ठेवण्याचा नियमच केला आहे.

हंगामात देठे खुडायला येणाऱ्या पेठेतल्या बायकांना पूर्वी मृगानंतर काम नसे. आता पाकिटे भरण्याचे काम दिवाळीपर्यंत पुरते. पुढचे महिने कसे भरायचे, याची जुळवाजुळव सध्या चालू आहे.