पोत्यावर बसलेला मुनीम

रात्री दहानंतर प्रयोगशाळेत एकट्यानं थांबायचं नाही. जर्मनीतल्या आमच्या इमारतीचा हा नियम, आणि त्याला अपवाद नाही. दोघं असाल तर थांबा, एकटे असाल तर घरी जा. पहारेकरी येतो, नम्रपणे अभिवादन करतो आणि तुम्ही यंत्र बंद करून कोट चढवेपर्यंत दारात उभा राहतो.

मला या नियमाचा मनापासून राग आहे. मेंदूतल्या पेशी तबकडीत पुरत्या वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. मग त्यांच्यात चकाकणाऱ्या प्रथिनाचा जनुक सोडायचा आणि वाट बघायची. लवकर पाहिलं तर काहीच दिसत नाही. उशिरा पाहिलं तर प्रथिन इतकं साचतं की सगळी पेशीच उजळून निघते आणि धाग्यातून सरकणारा एकेक ठिपका त्यात हरवतो. मधले थोडे तास कामाचे, आणि ते दिवसा येणार की रात्री, हे माझ्या हातात नसतं. त्यात आम्ही लातूरची पोरं. अकरावी-बारावीला अभ्यासिकेत उजाडेपर्यंत बसलेली. रात्र ही कामाचीच वेळ, हे आमच्या अंगात मुरलेलं. इमारतीत द्रव नायट्रोजन आहे, लेसर आहेत, हे मला कळतं. पण खुर्चीत बसून पडद्याकडे बघणाऱ्या बाईला कसला धोका? हे मी लेखी विचारलं. उत्तरात नियमाचं कलम आलं.

मागच्या आठवड्यात पेशी अशाच रात्रीच्या वेळी तयार झाल्या, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, मी थांबते. घरी जाऊन लेकरांना झोपवून त्या परत आल्या आणि माझ्या मागच्या खुर्चीत पहाटेपर्यंत मुलाच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालत बसल्या. आमची फारशी ओळखही नव्हती. सकाळी उपकार केल्याचा सूरसुद्धा नाही.

त्या रात्री पडद्यावर एक ठिपका धाग्याच्या टोकाकडे निघालेला दिसला. मध्येच थबकला, जागच्या जागी थोडा डुलला आणि उलट फिरून पेशीच्या पोटाकडे चालू लागला. त्याला वळायला कुणी सांगितलं? माझं सगळं काम या एका प्रश्नाभोवती आहे. आई फोनवर विचारते ना, "नेमकं काय करायलीस गं तिथं?", तर हे.

कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतूचा एक धागा मीटरभर लांब असतो आणि तो एकाच पेशीचा असतो. बहुतेक प्रथिनं तयार होतात पेशीच्या पोटात, लागतात मात्र टोकाला. तिकडे पेशीतल्या रुळांवरून माल नेतं कायनेसिन नावाचं प्रथिन, आणि टोकाकडून परत आणतं डायनीन. पडद्यावरचा ठिपका म्हणजे असाच माल. कायनेसिन 1985 साली अमेरिकेत वुड्स होलला रोनाल्ड वेल, थॉमस रीझ आणि मायकल शीट्झ यांनी शोधलं, माकुळाच्या (स्क्विडच्या) जाडजूड मज्जातंतूत. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू, सेकंदाला शंभरेक पावलं.

अण्णा सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात जातात. तिथं पोतं हमाल उचलतो, पण ते कुठल्या आडतीवर टाकायचं ते मुनीम सांगतो. मज्जापेशीत हा मुनीम पोत्यावरच बसलेला असतो. जेआयपी-1 नावाचं प्रथिन एका अंगानं कायनेसिनला धरतं आणि दुसऱ्या अंगानं जेएनके नावाच्या एन्झाइमला, शिवाय जेएनकेला चेतवणाऱ्या एन्झाइमांनाही. माल नसताना कायनेसिन शेपटी डोक्याकडे दुमडून गप्प पडून असतं, म्हणजे एटीपी वाया जात नाही. जेआयपी-1 आणि त्याचा एक जोडीदार येऊन चिकटले की ते उलगडतं. पुढे जेएनकेनं जेआयपी-1 वर ठराविक जागी फॉस्फेट, म्हणजे खुणेसारखा एक छोटा रासायनिक गट, लावला की माल टोकाकडे जातो, फॉस्फेट नसेल तर तोच माल माघारी फिरतो. अल्झायमरशी नातं असलेल्या एपीपी या प्रथिनाच्या वाहतुकीत हे 2013 मध्ये दाखवलं गेलं. माल उतरवण्याचा हुकूमही एन्झाइमचाच. केआयएफ17 ही कायनेसिनच्याच घराण्यातली मोटर स्मरणाला लागणारी, संदेश पकडणारी प्रथिनं घेऊन जाते. कॅम-किनेज-2 नावाचं एन्झाइम कॅल्शियम वाढलं की जागं होतं आणि तिच्या शेपटीला फॉस्फेट लावतं. माल तिथंच सुटतो.

इथं जेवणाच्या टेबलावर कुणी भारताबद्दल कीव दाखवली की मी मुंबईची नावं घेते. टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांनी सी. एलिगन्स या इवल्याशा कृमीच्या मज्जातंतूंतली हीच वाहतूक उलगडली आहे. अनेक डायनीन मिळून एक ओझं कसं ओढतात यावर रूप मलिक यांचं काम आहे, 2014 चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. यात कुणाची कीव करण्यासारखं काही नाही. मग अण्णा विचारतात, "एवढं सगळं मुंबईत हाय, तर तू तिथं कशाला?" अण्णा, इथं प्रयोगासाठी आज मागवलेलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) उद्या सकाळी बर्फासकट दारात येतं. तिकडे असताना माझं पार्सल कस्टम्समध्ये इतकं अडकायचं की कोरडा बर्फ उडून जायचा आणि हातात यायची कोमट कुपी. पगारासाठी आले असते तर वेगळं बोलले असते.

आणि आत्या, तुम्ही गोळी कधी निघणार म्हणून विचारता. दादाचा हात मळणी यंत्रात सापडला, त्याच्या बोटांना अजून मुंग्या येतात, म्हणून तुमच्यासाठी हे लिहिते. मज्जातंतू दुखावला की चेतलेलं जेएनके जेआयपी-3 या प्रथिनासोबत डायनीनच्या गाडीनं मागे फिरतं आणि पेशीच्या पोटाला इजेची खबर देतं. या परतीच्या वाटेवर दिवसाला साधारण 200 मिलिमीटर अंतर कापलं जातं, म्हणजे बोटापासून मानेजवळच्या पेशीपर्यंत खबर यायला तीन-चार दिवस. ती पोचली तर पेशी धागा पुन्हा वाढवायला घेते. पण हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात याच घराण्यातलं जेएनके-3 कायनेसिनच्याच अंगावर फॉस्फेट लावतं, त्याची रुळावरची पकड ढिली होते आणि टोकाला माल पोचेनासा होतो. हे 2009 मध्ये दिसलं. तेव्हा जेएनके सरसकट बंद करणारी गोळी एका आजाराला उपयोगी पडली, तरी दादाच्या हाताची खबर अडवेल. म्हणून आम्ही आधी टोकाकडे जाणाऱ्या फेरीतलंच जेएनके गप्प करता येतं का ते बघतोय, परतीच्या फेरीला धक्का न लावता.