सही कोणाची, प्रत कुठे?

पावसाळ्यात आपत्ती व्यवस्थापन म्हटले की बोटी, दोरखंड आणि नारंगी पोशाखातले जवान डोळ्यांपुढे येतात, आणि त्यात गैर काही नाही. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर पडले, ते अशाच पथकांमुळे. मात्र संकटकाळात खुद्द राज्य सरकारचे काम कसे चालू राहते, इकडे फारसे कोणी पाहत नाही. बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे कोकण विभागाच्या सरकारी कार्यालयांच्या इमारतीत, नोकरी झाल्यामुळे माझे लक्ष आधी तिकडेच जाते. अधिकारी जागेवर नसेल तर सही कोण करणार आणि मूळ कागद नष्ट झाला तर प्रत कुठे मिळणार, या दोन रुक्ष प्रश्नांची उत्तरे आधीपासून तयार असतील तरच सरकार तग धरते, असे माझे मत आहे.

२१ जून २०१२ रोजी दुपारी मंत्रालयाला आग लागली. त्यात ५ जणांचा जीव गेला, वरचे मजले जळाले, मुख्यमंत्र्यांचे कार्यालयही त्यातून सुटले नाही आणि असंख्य नस्त्यांची, म्हणजे सरकारी फायलींची, राख झाली. पुढे या नस्त्या पुन्हा उभ्या करायच्या म्हणजे खालच्या कार्यालयांकडून कागद मागवणे आलेच. शासनाला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत कार्यालयात राहते: साधा कागद, कोपऱ्यात साहेबांची लघुस्वाक्षरी, वर जावक क्रमांक आणि तारीख. अभिलेख कक्षातले गठ्ठे सोडायचे, जावक नोंदवहीशी क्रमांक ताडून स्थळप्रत शोधायची, छायाप्रत साक्षांकित करून वर पाठवायची, असे ते काम असते. एरवी ज्या गठ्ठ्यांना जागा अडवणारी अडगळ म्हणून नावे ठेवली जातात, त्यांचे मोल अशा वेळी कळते. तरीही त्यातून परत मिळतो तो केवळ पत्रव्यवहार. नस्तीचा टिपणी भाग, म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने कोणता शेरा मारला आणि निर्णय कोणत्या कारणाने बदलला याची नोंद, मंत्रालयातच राहत असल्याने तिची प्रत खाली कोणाकडेच नसते. ई-ऑफिसमुळे, म्हणजे नस्त्या संगणकावरच हाताळण्याच्या पद्धतीमुळे, ही उणीव बरीच भरून निघू शकते, पण त्या संगणकीय नोंदींची प्रत दुसऱ्या शहरात ठेवली असेल तरच. एकाच इमारतीतले दोन सर्व्हर म्हणजे एकाच कपाटातल्या दोन प्रती.

सहीचा प्रश्न २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने बराच सोपा केला. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, राज्य कार्यकारी समितीचे मुख्य सचिव आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी, अशी उतरंड त्यात आहे. कलम ५० नुसार जिल्हा प्राधिकरणही तातडीची खरेदी निविदेविना करण्यास मान्यता देऊ शकते, त्यामुळे मंत्रालयाशी संपर्क तुटला तरी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना वरच्या मंजुरीसाठी हातावर हात ठेवून बसावे लागत नाही.

संविधानातल्या मुदती मात्र कोणत्याही आपत्तीत थांबत नाहीत. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते, आणि अनुच्छेद १६४ प्रमाणे ६ महिन्यांत सदस्य होणे भाग होते. तेवढ्यात करोना आला, विधान परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली, आणि राज्यपालांनी त्यांना नामनियुक्त करावे ही मंत्रिमंडळाची शिफारस दोनदा करूनही प्रश्न सुटला नाही. अखेर निवडणूक आयोगाने मे महिन्यात निवडणूक लावली, ती बिनविरोध झाली आणि १८ मे २०२० रोजी, मुदत सरायला जेमतेम दीड आठवडा उरला असताना, त्यांचा शपथविधी झाला. ऐन साथीत राज्याला मुख्यमंत्री राहील की नाही, हे एका पोटनिवडणुकीइतक्या साध्या कार्यक्रमाच्या तारखेवर ठरावे, ही व्यवस्थेतली त्रुटीच म्हणावी लागेल. त्याच वर्षी अधिवेशनांमध्ये ६ महिन्यांहून अधिक अंतर पडू नये म्हणून सप्टेंबरमध्ये दोनच दिवसांचे अधिवेशन घेऊन ती अट पाळण्यात आली.

आता माणसांविषयी. मंत्रालयातला मोठा कर्मचारीवर्ग ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर आणि नवी मुंबईत राहतो, त्यामुळे शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी चढले की सरकारची बरीचशी खुर्ची लोकलमध्येच अडकते. मार्च २०२० मध्ये शासकीय कार्यालयांतली उपस्थिती ५ टक्क्यांवर आणली गेली, तेव्हाही ही ५ टक्के माणसे कामावर पोहोचणार कशी, हा प्रश्न उरलाच होता. खाडीच्या या, म्हणजे ठाणे-नवी मुंबईच्या, बाजूला राहणाऱ्यांनी अशा दिवशी थेट कोकण भवनात हजर व्हावे आणि तिथून ई-ऑफिसवर काम करावे, असा कायमस्वरूपी आदेश काढायला फारसा खर्च येणार नाही.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरची आहे. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि पावसाळी नियंत्रण कक्ष १ जूनच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे नवा अधिकारी तालुक्यातले नाले ओळखण्याआधीच पाऊस दारात असतो आणि नियंत्रण कक्षातल्या यादीत आधीच्याच अधिकाऱ्याचा क्रमांक राहण्याचा धोका असतो. भ्रमणध्वनी व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या नावे द्यावा, आणि पूरप्रवण तालुक्यांतल्या तहसीलदारांच्या बदल्या शक्यतो एप्रिलमध्येच उरकाव्यात.