आमची वाटचाल : उतारा आमचा, मार्क दुसऱ्याचे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचा काजूचा कारखाना सुरू झाला तो सोळा बायका, पायाने चालवायची आठ कटर मशिनं, एक बॉयलर आणि एक बोरमा (गर वाळवायची भट्टी) एवढ्यावर. भागीदार आमचे भाऊजी. बीची पारख त्यांची, वह्या माझ्या. पोती आली की भाऊजी आधी किलोभर बी कापायला लावत. चांगला गर वेगळा, डागी वेगळा, आणि डागी गराचं निम्मं वजन चांगल्यात धरायचं. किलोला 272 ग्रॅम भरले की 80 किलोच्या पोत्याला 48 पौंड गर, तोच उतारा. हे गणित ते दलालासमोर उभ्याउभ्या तोंडी करत. ज्याला बी कापून बघायचा कंटाळा, त्याने या धंद्यात पडूच नये.

मधली वर्षं बरी गेली. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा खाणीवरच्या ट्रकवाल्यांच्या घरच्या बायका काम मागत दारात आल्या. आम्ही अकराजणी घेतल्या. पुढे याच अकराजणी आमचा दोष ठरल्या.

झालं असं, की लिमिट, म्हणजे बँकेतून उचलता येणाऱ्या पैशाची मर्यादा, वाढवून घ्यायला आम्ही बँकेत गेलो. मार्च ते मे बी भरायची आणि वर्षभर फोडायची; हंगामात रोकड नसेल तर कारखान्याला कुलूप. साहेबांनी आसपासच्या पाच कारखान्यांचा तक्ता पुढे सरकवला. एका कामगारामागे रोज किती किलो गर, एवढा एकच रकाना. आम्ही पाचवे. पहिला नाल्यापलीकडचा, ऑटोमॅटिक कटिंगवाला. त्याच्या मशीनखाली दुभंगलेली पाकळी आणि बारीक तुकड्यांची कणी किती पडते, हे त्या रकान्यात कुठे होतं? अख्खा 240 नंबर (पौंडाला 240 पर्यंत गर बसतात तो) आणि तुकडा एकाच तराजूत! लिमिट वाढली नाहीच, उलट कापली गेली.

भाटकारांच्या, म्हणजे बागायतदारांच्या, बीच्या पिकअप फाटकात उभ्या, आणि आमच्या हातात पैसे नाहीत. बायकोच्या पाटल्या गेल्या. त्या आठवड्यात पणजीचे आमचे जुने दुकानदार आले. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी नेहमीसारखा डबा स्टीलच्या ताटात ओतला, एकेक गर बोटाने उलटा केला, चिरलेला एक निघाला तो तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘‘वर्षाचा 240 माझा.’’ आगाऊ चेक तिथेच फाडला. कारखाना त्या चेकवर वाचला.

भाऊजींची मुलगी तेव्हा गोवा विद्यापीठात अर्थशास्त्राचं एम.ए. करत होती. तक्ता बघून म्हणाली, ‘‘मामा, एका भागाकाराने कोण कार्यक्षम ते ठरतं होय?’’ कॅलेंडरच्या मागे तिने दोन रेघा मारल्या. दहा किलो अख्ख्या गराला बी किती लागली ती आडवी, बायकांचे रोज (एका बाईचं दिवसभराचं काम म्हणजे एक रोज) किती ते उभे. (बाकीच्यांचे आकडे कुठून आणले विचारू नका. सोलणाऱ्या बायका सगळीकडे फिरलेल्या असतात.) नाल्यापलीकडचा 60 किलो, 2 रोज. वाळपईचा एक 46 किलो, 3 रोज. आम्ही 52 किलो आणि सव्वातीन. उरलेले दोघे आमच्याही मागे. सगळ्यांत आतले जे ठिपके, ते जोडून होते ती सीमा, आणि आपण तिच्यापासून किती दूर, ती आपली गळती. फॅरेल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ही रीत 1957 मध्ये मांडली, आणि 1978 मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती कितीही खर्च, कितीही माल यांना लागू होईल अशी केली.

आम्ही नव्वद टक्के निघालो, म्हणजे बी आणि रोज दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले की आम्ही सीमेवर. पाचवे नाही, तिसरे. पण नाल्यापलीकडचा शंभर! मी म्हटलं, लाकूड घाल, वीज घाल, व्याज घाल. ती हसली. ‘‘पाच कारखाने आणि चार-पाच खर्च घेतले की जवळजवळ सगळेच शंभर निघतात, मामा.’’ मग तिनेच फॅरेलचा दुसरा भाग सांगितला. सीमेवर असणं वेगळं, आणि आजच्या भावात परवडणं वेगळं. नाल्यापलीकडचा एक रोज वाचवायला वाळपईवाल्यापेक्षा 14 किलो बी जास्त घालतो. पाकळी विकली जाते, मान्य, पण अख्ख्याच्या भावाने नाही. हे ऐकून त्या रात्री मी नीट जेवलो.

आमचे दहा टक्के कुठे गेले ते भाऊजींना आधीपासून ठाऊक होतं. बोरम्यात खालचे ट्रे करपायचे, वरचे ओलसर राहायचे. ओलसर गराची साल निघत नाही. बाई सुरीने खरवडते, वेळ जातो आणि गर फुटतो. बी, रोज, दोन्ही तिथेच गळत होतं. ट्रे मधेच खालीवर करा, हे ते वर्षानुवर्षं सांगत होते, आणि मी ‘बघू’ म्हणत होतो. नवा बोरमा घेण्याआधी जुन्याचे ट्रे फिरवून बघा, एवढं कुणालाही सांगेन.

पुढच्या हंगामात आम्ही 48 किलोंवर आलो. कॅलेंडरचा कागद घडी करून बँकेत गेलो, तर साहेबांची बदली झालेली.