दुधाच्या दातांवरचे पांढरे पट्टे : माझा अनुभव

वरच्या पटाशीच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूसारखे पांढरे पट्टे दिसले तर ते दूध चिकटलंय असं समजून सोडून देऊ नका. दात गॉजच्या कापडाने कोरडा केला की पट्टा आणखी ठळक होतो. ही किडीची सुरुवात. इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, खनिज निघून गेलेलं असतं, पण खड्डा पडलेला नसतो, त्यामुळे इथून मागे फिरता येतं. आमच्या दीड वर्षाच्या मुलीचे दात पट्ट्यांवरच थांबवता आले.

सुरुवात रात्रीच्या बाटलीपासून करावी लागते. झोपेत लाळ फारच कमी सुटते आणि तोंडात राहिलेलं दूध वरच्या दातांभोवती साचतं. जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात, पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की आकडा उतरतो) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. खालचे पुढचे दात जिभेआड आणि लाळेत असतात म्हणून वाचतात. बाटली एकदम बंद केली तर सगळं घर जागं राहतं. आम्ही आधी दुधातली साखर काढली, मग दर तीन-चार रात्रींनी दूध कमी आणि पाणी जास्त केलं : पाऊण, अर्धं, पाव, शेवटी नुसतं पाणी. हे वर्षाच्या पुढच्या, दिवसा नीट जेवणाऱ्या मुलांसाठीच. त्याआधी बाळाच्या दुधात पाणी घालू नये.

ब्रश मोठ्यांनीच करायचा, सात-आठ वर्षांपर्यंत तरी. मुलांनी आपलं आपण घासलं तर ब्रश चावला जातो, दात घासले जात नाहीत. मुलीला आडवं करून डोकं मांडीवर घ्यायचं आणि मागून ओठ उचलायचा. वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारी चामडीची बारीक दोरी असते. ब्रश तिला लागला की दुखतं, आणि रडारड बहुतेक वेळा त्यामुळेच होते. त्या दोरीवर तर्जनी आडवी धरली की निम्मं भांडण मिटतं. मागच्या दोन दाढा एकमेकींना चिकटल्या की मधे ब्रश शिरत नाही, तिथे रात्री फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, लागतो.

पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइडचं, म्हणजे इनॅमल घट्ट करणाऱ्या घटकाचं, पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) वाचा. मुलांच्या कित्येक रंगीत ट्यूबमध्ये फ्लोराइड नसतं किंवा जेमतेम ५०० पीपीएम असतं. लागतं ते १००० पीपीएम, आणि मापात : तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीतला ब्रशभर पेस्टचा वळसा विसरा. घासून झालं की थुंकायचं, चूळ भरून धुऊन टाकायचं नाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथे राहत असाल तर पाण्याचा अहवाल घेऊनच डॉक्टरांशी पेस्टबद्दल बोला.

पट्टे असतील तर दाताच्या डॉक्टरांकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर चिकटणारा फ्लोराइडचा लेप, लावून घ्यावं. पालक आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मुलाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. दात गॉजने पुसून बारीक ब्रशने थेंबभर वार्निश फिरवतात, लाळ लागली की ते घट्ट होतं. एक-दोन मिनिटांचं काम. मूल रडलं तर तोंड उघडं राहतं, डॉक्टरांची सोयच होते. त्या दिवशी मऊ आणि कोमट खाणं, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. पिवळट थर दिसतो, तो आपोआप जातो. पट्टे असलेल्या मुलाला दर तीन महिन्यांनी, एरवी सहा महिन्यांनी.

खाण्यात साखर किती यापेक्षा किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक बिस्किटानंतर लाळेला दात सावरायला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर हातात बिस्किट असलं तर तो अर्धा तास मिळतच नाही. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर. मध आणि गूळ यांनाही सूट नाही, आणि औषधाचं गोड सिरप रात्रीच्या ब्रशच्या आधी.

‘दुधाचे दात, पडणारच की’ हे घरात ऐकावं लागतं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि मागून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात.

पट्ट्याचा खरखरीतपणा जाऊन तो गुळगुळीत, चकचकीत झाला की कीड थांबली. पांढरा रंग मात्र राहू शकतो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता, पहिली कायमची दाढ येते. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड शिरू नये म्हणून लावायच्या पातळ थराने, डॉक्टरांकडून भरून घ्यायच्या.