उशाचा तांब्या

सांगलीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात तोंड कोरडे पडते अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक साठीपुढचे असतात आणि त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या हमखास सापडतात. अशा रुग्णाची लाळ मोजता येते; आपोआप साठणारी लाळ मिनिटाला ०.१ मिलीलिटरपेक्षा कमी भरली, तर ती फारच कमी समजतात. पण लाळ पुरेशी असूनही कोरडेपणा जाणवतो, आणि लाळ आटूनही काहींना तो जाणवत नाही. त्यामुळे जाणवण्याचे मोजमाप विचारूनच घ्यावे लागते.

त्यासाठी थॉमसन आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेली अकरा विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला ‘कधीच नाही’पासून ‘फार वेळा’पर्यंत एक ते पाच गुण, म्हणजे बेरीज अकरा ते पंचावन्न. माझी एक मैत्रीण जर्मन शिकवते. ही विधाने जर्मन रुग्णांसाठी कशी उतरवावी लागतील, यावर आम्ही एक रविवार घालवला. ‘मुंडट्रोकेनहाइट’ हा नेमका जोडशब्द त्या भाषेत तयारच आहे. आमच्याकडे ‘तोंडाला कोरड पडली’ म्हटले, की माणूस घाबरला असाही अर्थ निघतो. गोळ्या चघळण्याबद्दलच्या मूळ इंग्रजी विधानातली ‘लॉली’ म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची साधी चघळायची गोळी. काडीवरची समजून भाषांतर केले, तर जर्मन आजोबा बुचकळ्यात पडतील. रात्री ‘प्यायला’ उठण्याच्या विधानात तर दोन्ही भाषा सारख्याच अडचणीत येतात, कारण काय प्यायला हे सांगितले नाही, तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी दारू येते.

दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्याने ते उलट इंग्रजीत न्यायचे, मग तज्ज्ञांनी एकत्र बसून मसुदा ठरवायचा, अशी याची रूढ पद्धत आहे. त्यानंतर तीस-चाळीस रुग्णांना तो वाचायला देऊन त्यांना काय कळले, हे विचारतात. पुढे पंधरा दिवसांनी तीच उत्तरे येतात का, विधाने एकमेकांशी जुळतात का, हे आकडेमोडीने तपासले जाते. पण माझ्या मते खरी कसोटी त्या विचारण्यातच लागते.

मी मराठी मसुदा करून एका आजींना वाचून दाखवला. ‘कोरडे पदार्थ खाताना त्रास होतो का’ यावर त्यांनी मला, रोज कोरड्यास काय करतात, ते सांगितले. आमच्या भागात कोरड्यास म्हणजे भाकरीशी खायचे कालवण, म्हणजे प्रश्नाच्या नेमके उलट.

“आजी, रात्री पाणी प्यायला उठता का?”

“उठायचं कशाला? तांब्या उशालाच असतोय की.”

म्हणजे ‘कधीच नाही’, गुण एक. आणि पहाटेपर्यंत तांब्या रिकामा. ‘उठता किंवा उशाचे पाणी घेता का’ असे करावे, तर एका विधानात दोन प्रश्न शिरतात. म्हणून ‘तोंड कोरडे पडल्यामुळे रात्री पाणी पिता का’ असे लिहून पुन्हा विचारले.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. “जाग तर येतीच. जाग आली की पिते.”

मी ‘पडल्यामुळे’ खोडून ‘पडले म्हणून’ केले, मग तेही खोडले.