एलेरॉनचा विद्युत अ‍ॅक्च्युएटर, नोंद चौथी: धरून ठेवण्याची वीज

मागील नोंदीपर्यंत मोटर एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, हलवू लागली होती; तिला हलवणाऱ्या यंत्रणेला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. या खेपेस तो भाराविरुद्ध नुसता धरून ठेवायला किती वीज लागते, ते मोजले. हायड्रॉलिक पंप दाब राखण्यासाठी सतत फिरत राहतो आणि विजेची मोटर कामापुरतीच वीज घेते, असे आपण म्हणतो खरे. पण वाऱ्याचा दाब झेलत स्थिर असलेल्या मोटरचे वेटोळेही तापतच असते.

एलेरॉनच्या ५० मिमी भुजेला ५ किलोचे वजन टांगले. एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा स्क्रू वापरला, तेव्हा १२ व्होल्टवर नुसते धरून ठेवण्यास ०.११ अँपिअर लागले, त्यातले ०.०४ सर्किटचेच. मग २ मिमीचा स्क्रू बसवला. तो भाराने उलटा फिरतच नाही, त्यामुळे मोटर बंद केली तरी वजन जागचे हलले नाही. मात्र अर्ध्या सेकंदाची हालचाल १.३ सेकंदांवर गेली.

तरीही तो स्क्रू मी काढून टाकला. बोइंग ७८७ च्या स्टॅबिलायझरसारखा (शेपटीचा आडवा पंख) संथ हलणारा पृष्ठभाग बिघाडानंतर जागीच अडकून राहिलेला चालतो, किंबहुना तसाच हवा. एलेरॉनचे तसे नाही. एअरबस ए३८० वर एका पृष्ठभागाला हायड्रॉलिक आणि विद्युत-हायड्रॉलिक (स्वतःच्या विजेच्या मोटरने तेलाचा दाब निर्माण करणारा) असे वेगवेगळे अ‍ॅक्च्युएटर जोडलेले असतात, आणि त्यांतला एक निकामी झाला तर त्याने दुसऱ्याची वाट न अडवता सैल पडावे लागते; पण इतकेही सैल नव्हे की पृष्ठभाग फडफडू लागेल.

म्हणून ८ मिमीच्या स्क्रूवर परतलो आणि वीज जाताच मोटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडणारा रिले (विजेने चालणारा स्विच) लावला; तारा अशा जोडल्या की फिरवली जाणारी मोटर स्वतःच ब्रेकसारखी अडते. तारा मोकळ्या असताना वजन धपकन खाली आले होते. जोडल्यावर तेच सुमारे तीन सेकंद घेत, तेलात बुडाल्यासारखे उतरले. हा माझ्या मते या महिन्याचा सर्वांत सुखद क्षण.

गंमत अशी, की रिले उघडा ठेवायला त्याची कॉइल ५ व्होल्टवर ०.३६ वॉट खाते, म्हणजे धरून ठेवण्याच्या विजेच्या (सर्किटचे वगळून ०.०७ अँपिअर, १२ व्होल्टवर ०.८४ वॉट) जवळजवळ निम्मी. एकदा ओढला गेल्यावर तो निम्म्या व्होल्टेजवरही टिकतो, म्हणून कॉइलला सलग विजेऐवजी निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असे २० किलोहर्ट्झचे स्पंद दिले आणि खर्च ०.०९ वॉटवर आणला. मात्र रिले मोटरच्याच पट्टीवर स्क्रूने घट्ट केला होता, तेव्हा थरथरीने त्याची पकड दोनदा सुटून तारा जोडल्या गेल्या आणि एलेरॉन मधेच लुळा पडला. आता तो रबराच्या चकत्यांवर बसवला आहे.